फ्लूची लाट सुरू झाली हे देश ठरवतो कसं, आणि ठरल्यावर हलतं काय?

छेद_अंश यांचा प्रश्न

देशपातळीवरचे फ्लूचे साप्ताहिक अहवाल वाचताना तीन जागी अडायला होतं. इथे साथरोग सर्वेक्षण, प्रयोगशाळा आणि पशुवैद्यक अशा तिन्ही बाजूंची माणसं आहेत, म्हणून एकाच धाग्यात विचारतो.

पहिलं. फ्लूचा प्रत्येक रुग्ण मोजणं कुठल्याच देशाला जमत नाही. बहुतेक जण घरीच अंथरूण धरून बरे होतात, दवाखान्यात आलेल्यांपैकी मोजक्यांचाच स्वॅब घेतला जातो, आणि कुणाचा घ्यायचा हे डॉक्टरागणिक बदलतं. तरी अहवालात ठाम वाक्य असतं की अमुक आठवड्यात हंगामाची मर्यादारेषा ओलांडली गेली. ही रेषा काढतात कशी? इतक्या थोड्या तपासण्यांवरचा निष्कर्ष कितपत धरून चालायचा?

दुसरं. तक्त्याच्या तळाशी ‘ए, उपप्रकार ठरला नाही’ असा एक रकाना असतो. त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात हे माहीत आहे, पण नवा विषाणू आला तर तोही आधी त्याच रकान्यात पडणार. मग गव्हातून खडे निवडतात कसे?

तिसरं. रेषा ओलांडल्यावर किंवा नवा उपप्रकार सापडल्यावर कोणती पावलं आपोआप पडतात आणि कोणती बैठकीवर अडून राहतात? योजनांच्या पुस्तिका वाचल्या आहेत. मला आकडा आणि कृती यांची जोडी हवी आहे.

साप्ताहिक_आलेख

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

एकूण रुग्ण किती, हे सर्वेक्षण सांगत नाही आणि सांगायचा प्रयत्नही करत नाही. ठरावीक सेंटिनल केंद्रांवर (पाळतीसाठी निवडलेल्या मोजक्या दवाखान्यांत), एकाच व्याख्येने, दर आठवड्याला थोडेच रुग्ण मोजायचे आणि तो आकडा त्याच केंद्रांच्या मागच्या वर्षांच्या आकड्यांशी ताडून बघायचा, एवढं ते काम. त्यामुळे नमुना लहान असला तरी चालतो. मधेच पद्धत बदललेली चालत नाही.

व्याख्येपासून सुरुवात करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत ओपीडीतला ‘फ्लूसदृश आजार’ म्हणजे मोजलेला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, सोबत खोकला, आणि आजार गेल्या १० दिवसांत सुरू झालेला. ‘गंभीर तीव्र श्वसनसंसर्ग’ म्हणजे ताप (मोजलेला किंवा रुग्णाने सांगितलेला), खोकला, तेच १० दिवस, आणि दाखल करावं लागेल इतकी तब्येत बिघडलेली. अमेरिकेची ओपीडीसाठीची व्याख्या थोडी सैल आहे: ३७.८ अंश ताप, आणि सोबत खोकला किंवा घसादुखी यांपैकी काहीही. म्हणून दोन देशांचे टक्के शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नसतो. आणखी एक भेद फार जणांच्या लक्षात येत नाही: संघटनेच्या पद्धतीत आठवडा सोमवार ते रविवार, अमेरिकेत रविवार ते शनिवार. ‘५२वा आठवडा’ दोन्हीकडे एकच नसतो.

आता छेदाबद्दल, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात. समजा, एका केंद्रावर आठवड्यात २,००० रुग्ण आले, त्यातले ६० फ्लूसदृश. म्हणजे ३ टक्के. ४० स्वॅब पाठवले, ८ पॉझिटिव्ह, म्हणजे २० टक्के. दोन्हींचा गुणाकार ०.६ टक्के. पुढच्या आठवड्यात सलग सुट्ट्या आल्या. बीपी-शुगरच्या नेहमीच्या तपासणीवाले रुग्ण आलेच नाहीत, एकूण १,५०० आले, फ्लूसदृश ९०. आता दर ६ टक्के झाला. पॉझिटिव्ह प्रमाण तेच २० टक्के धरलं तरी गुणाकार १.२ टक्के, म्हणजे थेट दुप्पट. प्रत्यक्ष रुग्ण मात्र दीडपटच वाढले. उरलेली उडी छेद आकसल्यामुळे दिसली. डिसेंबरअखेरीस उत्तरेकडच्या अनेक देशांच्या आलेखात दिसणाऱ्या टोकात हा परिणाम मिसळलेला असतो. उपाय दोन: जिथे लोकसंख्या नोंदवलेली आहे तिथे ओपीडीऐवजी केंद्राच्या हद्दीतली लोकसंख्या छेदात घ्यायची, ते शक्य नसेल तर निव्वळ रुग्णसंख्येची रेघ दराच्या शेजारी छापायचीच.

फ्लूसदृश दर आणि पॉझिटिव्ह प्रमाण यांचा गुणाकार मात्र जरूर करावा. नुसत्या पहिल्या आकड्यात आरएसव्ही, ऱ्हायनो, कोविड असे श्वसनाचे इतर विषाणूही येतात. नुसतं पॉझिटिव्ह प्रमाण पाहिलं तर किती लोक आजारी आहेत ते कळत नाही. गुणाकार दोघांचा खोटेपणा बराच कापतो.

स्वॅब कुणाचा घ्यायचा हे डॉक्टरवर सोडलं की ‘हा जास्तच आजारी दिसतोय, याचा पाठवू’ असं होतं आणि पॉझिटिव्ह प्रमाण फुगतं. म्हणून नियम यांत्रिक ठेवतात: व्याख्येत बसणारा दर पाचवा रुग्ण, किंवा ठरलेल्या वाराला येणारे पहिले काही. दुसरा नियम वापरत असाल तर वार फिरता ठेवा. सोमवारची ओपीडी आणि शुक्रवारची ओपीडी वेगळी असते. वयोगट मात्र सर्वांनी एकच वापरावेत: २ वर्षांखालील, २ ते ५ च्या आत, ५ ते १५ च्या आत, १५ ते ५० च्या आत, ५० ते ६५ च्या आत, आणि ६५ व पुढे.

मर्यादारेषेसाठी युरोपात आणि त्याबाहेरही ‘मूव्हिंग एपिडेमिक मेथड’ बरीच रुळली आहे. मागचे ५ ते १० हंगाम घेतात. प्रत्येक हंगामात कमीत कमी आठवड्यांत जास्तीत जास्त रुग्ण कुठे साठले तो पट्टा ठरवतात. तो साथीचा काळ. त्याआधीच्या आठवड्यांतले सर्वांत मोठे आकडे सगळ्या हंगामांतून मिळून साधारण ३० घेतात, आणि त्यांच्या सरासरीच्या ९५ टक्के विश्वास-अंतराची (खरी सरासरी जिथवर असू शकेल त्या पट्ट्याची) वरची मर्यादा म्हणजे सुरुवातीची रेषा. तीव्रतेसाठी प्रत्येक हंगामाच्या शिखराभोवतीचे आकडे घेऊन ४०, ९० आणि ९७.५ टक्क्यांच्या मर्यादा काढतात: त्यांवरून मध्यम, जास्त, अतिशय जास्त. २००९-१० आणि २०२०-२१ हे हंगाम त्यातून वगळा. पहिल्यात महासाथीने रेषा वर चढते, दुसऱ्यात फ्लू जवळपास नव्हताच, त्यामुळे ‘हंगाम’ शोधायला जाऊन गणित नुसत्या गोंगाटावर बसतं.

ज्या देशांत फ्लू वर्षभर धुगधुगत राहतो आणि दोन शिखरं येतात, तिथे ही पद्धत तशीच लावली तर रेषा वर्षातून चारदा ओलांडली जाते. तिथे वर्ष कुठून कुठपर्यंत धरायचं हे आधी ठरवावं लागतं, आणि एका आठवड्यावर न जाता सलग दोन आठवडे रेषेच्या वर गेल्यावरच सुरुवात जाहीर करणं शहाणपणाचं.

मृत्यूंचं गणित वेगळं. दाखल्यावर ‘फ्लू’ क्वचितच लिहिलेलं असतं. न्यूमोनिया, हृदयविकार असंच असतं. म्हणून ‘अपेक्षेपेक्षा किती जास्त’ असं मोजतात. १९६३ साली रॉबर्ट सर्फलिंग यांनी अमेरिकी शहरांतल्या न्यूमोनिया-इन्फ्लुएन्झा मृत्यूंवर बसवलेली पद्धत आजही याचा पाया आहे. हा आकडा सर्वांत उशिरा येतो. धोरण तपासायला उपयोगी, इशारा द्यायला नाही.

अहवालातला ताजा आठवडा नेहमी कमी दिसतो, कारण उशिरा येणारे फॉर्म मागाहून भरले जातात. दर सोमवारी आलेख ‘उतरला’ म्हणणाऱ्या बातम्या बहुधा त्यातून येतात. इंटरनेटच्या शोधांवरून साथ ओळखण्याचा मोठा प्रयोग म्हणजे गूगल फ्लू ट्रेंड्स: २००८ मध्ये सुरू, २०१२-१३ च्या हंगामात प्रत्यक्षापेक्षा फार मोठा अंदाज, २०१५ मध्ये बंद. सेंटिनल केंद्राला पर्याय म्हणून असं काही सुचवलं जातं तेव्हा हे लक्षात ठेवावं.

थंडपेटी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रयोगशाळेच्या बाजूने देते. त्या रकान्यातल्या नमुन्यांचं नशीब बऱ्याचदा स्वॅब घेतानाच ठरलेलं असतं, म्हणून तिथून सुरू करते.

आजाराच्या पहिल्या तीन-चार दिवसांत विषाणू भरपूर असतो, नंतर झपाट्याने कमी होतो. स्वॅब सिंथेटिक टोकाचा आणि प्लॅस्टिकच्या दांडीचा हवा. कापूस, लाकडी दांडी किंवा कॅल्शियम अल्जिनेट असेल तर पीसीआरला अडथळा येतो. नाकपुडीतून सरळ मागे, टाळूला समांतर, नाकपुडी ते कान या अंतराच्या साधारण निम्म्यापर्यंत न्यायचा, काही सेकंद थांबायचं, फिरवत बाहेर काढायचा. वरच्या दिशेने ढकलला की रुग्णाला त्रास होतो आणि हाती काही लागत नाही. मग २ ते ३ मिलिलिटर व्हायरल ट्रान्सपोर्ट मीडियमच्या (विषाणू टिकवणाऱ्या द्रवाच्या) नळीत बुडवून दांडी खुणेवर मोडायची. ४ अंशांवर ४८ ते ७२ तासांत प्रयोगशाळेत पोचला तर ठीक, नाहीतर उणे ७० अंशांवर. उणे २० च्या साध्या फ्रीझरमध्ये ठेवणं सर्वांत वाईट. आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीझर असेल तर नमुना वारंवार वितळतो-गोठतो आणि जिवंत विषाणू संपतो. पीसीआर कदाचित पॉझिटिव्ह येईल, पण संवर्धन करायला, म्हणजे विषाणू वाढवून बघायला, काही उरत नाही.

आरटी-पीसीआरमध्ये आधी ए प्रकारासाठी मॅट्रिक्स जनुक, बी साठी वेगळं जनुक, आणि माणसाच्या आरएनेज पी जनुकाची तपासणी होते. शेवटची तपासणी आली नाही तर स्वॅबवर पेशीच नव्हत्या. तो नमुना ‘निगेटिव्ह’ लिहायचा नाही, ‘अयोग्य’ लिहायचा. ही शिस्त सुटली की वर साप्ताहिक_आलेख यांनी सांगितलेलं पॉझिटिव्ह प्रमाण विनाकारण खाली जातं.

ए आला की एच१ आणि एच३, म्हणजे माणसांत नेहमी फिरणारे उपप्रकार, तपासतात. दोन्ही आले नाहीत की तुमचा तो रकाना. निवड होते ती सीटी मूल्यावर, म्हणजे कितव्या आवर्तनात संकेत दिसला त्यावर. मॅट्रिक्स ३५-३६ ला उमटलं असेल तर विषाणू इतका कमी आहे की उपप्रकाराच्या तपासण्या, ज्या मुळातच थोड्या कमी संवेदनशील असतात, त्यांना तो दिसत नाही. बहुतेक नमुने असेच. पण मॅट्रिक्स २४ ला उमटलंय आणि एच१, एच३ दोन्हींची रेघ सपाट आहे, तर तो नमुना थांबवायचा नाही. भरपूर विषाणू आहे आणि माहितीतला नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो. काम चालू करण्याची सीमा प्रत्येक प्रयोगशाळेने लिहून ठेवलेली असते, बहुतेक ठिकाणी ३० च्या आसपास.

पुढचा क्रम असा. मूळ नळीतून नव्याने आरएनए काढून तपासणी पुन्हा. आधीच काढलेला आरएनए पुन्हा वापरायचा नाही, कारण नळ्यांची अदलाबदल झाली असेल तर ती तशीच राहते. सोबतच एच५, एच७, एच९ या पक्ष्यांतल्या उपप्रकारांच्या तपासण्या. तोवर फॉर्म काढून पक्षी, डुकरं, गुरं यांच्याशी संपर्क आणि प्रवास बघायचा. रोजच्या वापरातला प्रोब (विषाणूचं जनुक ओळखणारा छोटा तुकडा) जिथे चिकटतो तिथे हंगामी विषाणूत बदल झाल्यानेही असं दिसू शकतं, ते जनुकक्रम काढल्यावर कळतं. नमुना पेशींवर वाढवायचा मोह टाळा. पक्ष्यांच्या फ्लूचा संशय असलेला नमुना जैवसुरक्षा स्तर ३ च्या (धोकादायक जंतूंसाठीच्या बंदिस्त) प्रयोगशाळेशिवाय वाढवत नाहीत. उरलेला मूळ नमुना जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगी केंद्राकडे जातो (अटलांटा, लंडन, मेलबर्न, टोकियो, बीजिंग ही त्यातली ओळखीची), तीन पदरी वेष्टनात, कोरड्या बर्फावर.

कळवण्याबाबत नियम स्पष्ट आहे. आंतरराष्ट्रीय आरोग्य विनियम, २००५ नुसार नव्या उपप्रकाराचा मानवी इन्फ्लुएन्झा हा देवी, पोलिओ आणि सार्स यांच्या पंक्तीत आहे: एकच रुग्ण असला तरी कळवायचा. राष्ट्रीय केंद्राने खात्री केल्यापासून २४ तासांत. रुग्ण गंभीर असावा लागत नाही. लक्षणं नसली तरी प्रयोगशाळेची खात्री पुरते. त्यामुळे फोन त्याच दिवशी जातो, साप्ताहिक अहवालाची वाट बघत नाहीत.

हंगामी पॉझिटिव्ह नमुन्यांतलेही थोडे पुढे जातात, आणि ते निवडणं हे माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित काम आहे. कमी सीटीचे, सगळ्या वयांचे, सगळ्या भागांतले, हंगामाच्या सुरुवातीचे-मधले-शेवटचे. शिवाय मृत्यू, लस घेऊनही आजारी पडलेले, औषध चालू असताना न सुधारलेले. शेवटच्या क्षणी ‘फ्रीझरमध्ये आहेत ते पाठवा’ केलं की सगळे एकाच शहरातल्या एकाच रुग्णालयाचे निघतात. लसीत कोणते विषाणू घ्यायचे याची बैठक फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिणेसाठी होते. त्याच्या काही आठवडे आधी पोचलेलेच विषाणू मोजले जातात.

तिथे बघतात ते हे: लस-विषाणूविरुद्ध फेरेटमध्ये (मुंगसासारखा प्रयोगशाळेतला प्राणी) तयार केलेल्या प्रतिपिंडांनी नवा विषाणू किती अडतो. आठपट किंवा अधिक घट म्हणजे ‘बराच वेगळा’. एच३एन२ इथे फार त्रास देतो. तो कोंबडीच्या रक्तपेशींना नीट चिकटत नाही, म्हणून गिनीपिगच्या पेशी घेतात. त्यातही न्यूरामिनिडेज या विषाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनामुळे चिकटून गफलत होते, म्हणून मिश्रणात ते अडवणारं फ्लूविरोधी औषध, २० नॅनोमोलर ओसेल्टामिविर, घालतात. त्याला वाढवण्यासाठी पेशीही वेगळ्या, एमडीसीके-सिएट (नेहमीच्या एमडीसीके पेशींचं बदललेलं रूप). साध्या एमडीसीकेवर अनेक नमुने वाढतच नाहीत आणि मग ‘यंदा एच३एन२ कमी’ असा खोटा समज होतो.

छेद_अंश

सीटीवरची निवड आता कळली. दोन पोटप्रश्न. घरगुती रॅपिड टेस्टचे निकाल लोक ॲपवर नोंदवतात, ते पॉझिटिव्ह प्रमाणात का मिळवत नाहीत? आणि २४ तासांत कळवल्यावर देशाच्या आत त्या दिवशी काय सुरू होतं?

साप्ताहिक_आलेख

रॅपिडचं गणित करून बघा. संवेदनशीलता (खऱ्या रुग्णांपैकी किती पकडते) ६० टक्के, विशिष्टता (निरोग्यांपैकी किती जणांना बरोबर निगेटिव्ह दाखवते) ९८ टक्के धरू. हंगाम नसताना १,००० जणांत खरे रुग्ण १०. त्यातले ६ पकडले जातात, आणि उरलेल्या ९९० मधले सुमारे २० खोटे पॉझिटिव्ह येतात. म्हणजे २६ पॉझिटिव्हमध्ये खरे फक्त ६. ऐन साथीत १,००० मध्ये ३०० खरे असतील तर १८० पकडले जातात आणि खोटे १४. पॉझिटिव्ह निकाल आता विश्वासाचा, पण १२० जण निगेटिव्ह म्हणून घरी गेले. तीच टेस्ट, दोन महिन्यांत अर्थ उलटा. पीसीआरच्या रकान्यात हे मिसळलं तर लाटेची सुरुवात लवकर दिसते आणि शिखर बुटकं दिसतं. शिवाय ॲपवर पॉझिटिव्ह आलेला नोंद करतो, निगेटिव्ह आलेला करत नाही, म्हणजे छेदच नाही. वेगळ्या आलेखात ठेवा, दिशा बघायला चालेल.

प्रतिसाद_कक्ष

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. हंगामी लाट आणि नवा उपप्रकार यांचं उत्तर वेगळं आहे.

हंगामी लाटेत आकडा आणि कृती यांची सर्वांत स्वच्छ जोडी इंग्लंडमध्ये दिसते. तिथे सरकारी आरोग्यसेवेतले डॉक्टर दवाखान्यात फ्लूविरोधी औषध तेव्हाच लिहू शकतात जेव्हा राष्ट्रीय सर्वेक्षणात विषाणू फिरत असल्याचं दिसतं आणि तसं पत्र निघतं. रेषा ओलांडली, पत्र निघालं, औषध खुलं झालं. रुग्णालयात दाखल झालेल्यांना ही अट नाही. मला ही व्यवस्था आवडते, कारण वैयक्तिक अंदाजाला जागा कमी राहते. तिचा धोकाही तोच: सर्वेक्षण दोन आठवडे मागे असेल तर औषधही दोन आठवडे मागे.

औषधाचं वेळापत्रक साधं आहे. मोठ्यांना ओसेल्टामिविर ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ५ दिवस, मूत्रपिंड कमजोर असेल तर कमी मात्रा. पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर खरा फायदा. दाखल रुग्णाला त्यानंतरही देतात आणि निकालाची वाट बघत नाहीत. लाट चालू असताना अहवाल येईपर्यंत थांबणं ही रुग्णालयांत सर्वांत नेहमीची चूक.

वृद्धाश्रम आणि दीर्घकालीन शुश्रूषा केंद्रांसाठी अमेरिकेचा नियम नेमका आहे. ७२ तासांच्या आत दोन रहिवासी आजारी आणि त्यातल्या एकाची तरी प्रयोगशाळेत खात्री, की उद्रेक धरायचा. मग त्या विभागातल्या सगळ्या रहिवाशांना, लस घेतलेल्यांनाही, प्रतिबंधक मात्रा: ७५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा, किमान २ आठवडे, आणि शेवटचा रुग्ण सापडल्यानंतर ७ दिवस होईपर्यंत. इथे व्याख्येचा ताप अंगलट येतो. ऐंशीच्या पुढच्या माणसाला फ्लूत ताप चढेलच असं नाही. नुसतं खाणं सुटतं, गोंधळल्यासारखं होतं. ३८ अंशांची वाट बघणाऱ्या केंद्राला उद्रेक चार दिवस उशिरा कळतो.

लस हे लाट आल्यावरचं हत्यार नाही. निवडीपासून कुप्या बाजारात येईपर्यंत सुमारे सहा महिने जातात आणि टोचल्यावर संरक्षण यायला दोन आठवडे. २०१४-१५ मध्ये हेच झालं: फेब्रुवारीत निवड झाली, त्यानंतर एच३एन२ ची बदललेली शाखा पसरली, तोवर उत्पादन मागे फिरवणं शक्य नव्हतं, आणि त्या हंगामात एच३एन२ विरुद्ध लस फारच तोकडी पडली. अशा वेळी आरोग्य खात्याच्या हातात दोनच गोष्टी राहतात: विसंगती दिसताच डॉक्टरांना कळवणं आणि औषधांचा साठा पुढे सरकवणं. उलट बाजूचं उदाहरण बी-यामागाता, म्हणजे बी प्रकाराची एक शाखा. मार्च २०२० नंतर तो खात्रीने कुठे सापडलेला नाही, म्हणून सप्टेंबर २०२३ पासून तो लसीतून काढण्याचा सल्ला आला आणि चारऐवजी तीन घटकांच्या लसीकडे देश परत वळले. सापडला नाही हे ठामपणे म्हणता आलं तेही वर्षानुवर्षं तपासलेल्या नमुन्यांमुळेच.

आता नवा उपप्रकार. पहिल्या दिवशी आपोआप होणाऱ्या गोष्टी: रुग्णाला वेगळं ठेवणं आणि औषध, संपर्कातल्यांची यादी, त्यांच्यावर १० दिवस रोज लक्ष, प्रतिबंधक औषध. हे औषध उपचाराच्या मात्रेत, म्हणजे दिवसातून दोनदा, देण्याकडे कल आहे. संसर्ग आधीच झालेला असेल तर अर्ध्या मात्रेत प्रतिरोध वाढायची भीती असते. प्रतिरोध कसा पसरतो ते २००७-०८ मध्ये दिसलं. तेव्हाच्या हंगामी एच१एन१ मध्ये ओसेल्टामिविरला दाद न देणारा एच२७५वाय हा बदल आला आणि औषध फारसं न वापरणाऱ्या देशांतही वर्षभरात तो सर्वत्र झाला.

बैठकीवर अवलंबून राहतं ते पुढचं: शाळा, सभा, सीमा. सीमेवर ताप मोजण्याला लोकांचा फार आग्रह असतो. फ्लूचा अधिशयन काळ (संसर्गापासून लक्षणं दिसेपर्यंतचा) १ ते ४ दिवस आणि लक्षणांच्या एक दिवस आधीपासून संसर्ग पसरतो, त्यामुळे विमानतळावर जे सापडतात त्यांच्यापेक्षा सुटतात ते जास्त. एका रुग्णापासून पुढच्या रुग्णापर्यंत सुमारे तीन दिवस लागतात. म्हणून संपर्क शोधणं पहिल्या काही साखळ्यांतच परवडतं. नंतर यादी तयार होईपर्यंत दोन पिढ्या पुढे गेलेल्या असतात.

२००९ च्या महासाथीने दोन गोष्टी शिकवल्या. ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने सहावा, म्हणजे महासाथीचा, टप्पा जाहीर केला तो भौगोलिक प्रसारावर. आजार किती तीव्र याचा त्या टप्प्यात समावेशच नव्हता. अनेक देशांच्या योजना टप्प्याच्या क्रमांकाला बांधलेल्या होत्या, त्यामुळे सौम्य रुग्ण बहुसंख्य असतानाही सर्वांत जड कलमं लागू झाली. आता प्रसार, आजाराची तीव्रता आणि रुग्णालयांवरचा भार हे तीन वेगळे मोजतात. दुसरं, सुरुवातीला प्रत्येक संशयिताची तपासणी सुरू ठेवल्याने प्रयोगशाळा तुंबल्या, आणि दाखल रुग्णाचा निकाल सौम्य रुग्णांच्या रांगेत अडकला. त्याच जुलैत जागतिक आरोग्य संघटनेने देशांकडून रुग्णांची एकूण संख्या मागणं थांबवलं. म्हणून चांगल्या योजनेत पहिल्या काही शे रुग्णांचा बारकाईने अभ्यास आणि त्यानंतर सेंटिनलवर परत येणं, हा बदल कोणत्या आकड्यावर करायचा ते आधीच लिहिलेलं असतं. हे कलम नसेल तर मोजणी थांबवायचा निर्णय घ्यायला कुणी धजत नाही.

गोठा_ते_लॅब

माणसांच्या बाजूचं सगळं आलं. पण नवा उपप्रकार येतो तो बहुतेक वेळा आमच्याकडून.

पक्ष्यांत एच५ किंवा एच७ सापडला की आधी ठरवतात तो अतिघातक आहे का. हेमॅग्लुटिनिन (विषाणू पेशीला ज्याने चिकटतो ते प्रथिन, नावातला ‘एच’) जिथे चिरलं जातं त्या जागी एकापेक्षा जास्त क्षारीय अमिनो आम्लं असली की तो अतिघातक धरतात. हे जनुकक्रमावरून कळतं, कोंबड्या मरायची वाट बघावी लागत नाही. युरोपीय संघात मग फार्मभोवती किमान ३ किलोमीटरचं संरक्षण क्षेत्र आणि १० किलोमीटरचं निगराणी क्षेत्र लागतं: पहिलं निदान २१ दिवस, दुसरं ३०. आतले पक्षी मारणं, अंडी-खाद्य-वाहनं रोखणं, निर्जंतुकीकरण. मारणाऱ्या कामगारांची यादी त्याच दिवशी आरोग्य खात्याकडे जायला हवी. ती आठवड्याने गेली तर १० दिवसांच्या लक्षातले सात दिवस गेलेले असतात. १९९७ मध्ये हाँगकाँगला एच५एन१ चे १८ रुग्ण झाले, ६ दगावले, आणि वर्षअखेरीस तिथल्या सगळ्या कोंबड्या मारल्यावर रुग्ण थांबले. तेव्हापासून ‘पक्षी मेले की सावध व्हा’ हे सूत्र पक्कं झालं.

आणि २०१३ मध्ये चीनमध्ये तेच सूत्र निकामी ठरलं. एच७एन९ पक्ष्यांत सौम्य होता. कोंबड्या खात-पीत होत्या, मृत्यूंवर आधारलेल्या पाळतीला काही दिसत नव्हतं, आणि पहिली खबर दिली ती अतिदक्षता विभागातल्या माणसांनी. जिवंत पक्ष्यांचे बाजार बंद केल्यावर त्या शहरांतले रुग्ण झपाट्याने घटले. म्हणून बाजारातल्या पिंजऱ्यांचे आणि सांडपाण्याचे नमुने पक्षी धडधाकट असतानाही घ्यावे लागतात.

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत दुभत्या गाईंमध्ये एच५एन१ निघाला तेव्हा नमुना कुठून घ्यायचा हाच प्रश्न पुन्हा आला. विषाणू नाकात थोडा, दुधात प्रचंड. नाकाच्या स्वॅबवर विसंबलं असतं तर अनेक गोठे निसटले असते. टाकीतल्या एकत्र दुधाची तपासणी केल्यावर एका नमुन्यात अख्खा कळप तपासला जातो. पाश्चरायझेशनने विषाणू निष्क्रिय होतो, पण तपासणीला घेतलेलं दूध कच्चंच असतं, तेव्हा हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल सक्तीचे. बाधित कामगारांत अनेकांना फक्त डोळे आले, ताप-खोकला नव्हता. म्हणजे साप्ताहिक_आलेख यांनी दिलेल्या व्याख्येत ते बसतच नाहीत, सेंटिनल केंद्र त्यांना कधीच पकडणार नाही. अशा ठिकाणी डोळ्याच्या आतल्या पापणीचा स्वॅब आणि नाक-घशाचा स्वॅब दोन्ही घ्यायचे, वेगवेगळ्या नळ्यांत. आणि फॉर्मवर व्यवसायाचा रकाना रिकामा सोडायचा नाही. थंडपेटी यांनी सांगितलेला सीटी २४ चा नमुना टेबलावर येतो तेव्हा ‘गोठ्यात काम’ ही नोंद दिसली, तर एच५ ची तपासणी संध्याकाळऐवजी सकाळीच लागते.